एक महानगर, तीन शहरे आणि उरलेली गावे

विदर्भातील शहरांची २०११ च्या जनगणनेनुसार उतरत्या क्रमाने यादी मांडली, तर नागपूर २४ लाख ६ हजारांवर, अमरावती साधारण ६ लाख ४७ हजारांवर, अकोला ४ लाख २६ हजारांवर आणि चंद्रपूर ३ लाख २० हजारांवर येते. पाचव्या क्रमांकावर गोंदिया आहे आणि त्याची लोकसंख्या १ लाख ३३ हजार एवढीच आहे. म्हणजे चंद्रपूर आणि गोंदिया यांच्या दरम्यान दोन लाखांचे किंवा अडीच लाखांचे एकही शहर नाही. गोंदियाच्या खाली यवतमाळ, अचलपूर, वर्धा आणि हिंगणघाट ही शहरे लाखाची वेस जेमतेम ओलांडून उभी आहेत. खामगाव, भंडारा, बल्लारपूर, कामठी ही वेशीच्या अलीकडे थांबली आहेत.

या यादीकडे पाहिले की ‘नागपूरने सगळे खाल्ले’ हे नेहमीचे वाक्य आठवते. विदर्भातील शहरी लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे ८१ लाख होती आणि त्यातील दर दहांपैकी तीन माणसे एकट्या नागपूर शहरात राहत होती, हे खरेच आहे. पण नागपूर किती मोठे, हा या प्रकरणाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भाग यादीतील त्या मोकळ्या जागेत आहे: मधल्या आकाराची शहरे विदर्भात तयार का झाली नाहीत?

भूगोलाच्या अभ्यासकांकडे अशी तुलना करायला एक ढोबळ माप आहे. एखाद्या प्रदेशातील शहरे समतोलाने वाढली, तर दुसऱ्या क्रमांकाचे शहर पहिल्याच्या निम्मे, तिसरे एक तृतीयांश, चौथे एक चतुर्थांश असे काहीसे प्रमाण पडते. हा निसर्गनियम नाही. अनेक देशांत तो लागू पडत नाही. अमेरिकन भूगोलतज्ज्ञ मार्क जेफरसन यांनी तर १९३९ मध्येच दाखवले, की बऱ्याच देशांत पहिले शहर दुसऱ्याच्या कितीतरी पट मोठे असते. तरीही मोजपट्टी म्हणून हे प्रमाण उपयोगी पडते. ते विदर्भाला लावले तर अमरावती १२ लाखांची, अकोला ८ लाखांचे, चंद्रपूर ६ लाखांचे हवे होते. तिन्ही शहरे त्या अपेक्षेच्या अर्ध्याहून थोडी वर भरतात, आणि गंमत म्हणजे तिन्ही जवळजवळ सारख्याच प्रमाणात. पाचव्या गोंदियाकडून मात्र ४ लाख ८० हजारांची अपेक्षा होती. ते पाव हिश्शापाशीच अडकते. सहाव्या यवतमाळचीही तीच गत. म्हणजे घसरण पायरीपायरीने झालेली नाही. चौथ्या पायरीनंतर जिनाच तुटला आहे.

हा जिना केव्हा तुटला, हे शंभर वर्षांपूर्वीच्या आकड्यांशी ताडून पाहिल्यावर कळते. १९०१ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या १ लाख २८ हजारांच्या आसपास होती. दुसऱ्या क्रमांकावर अमरावती नव्हती. ३९ हजारांची कामठी होती. अमरावती ३४ हजारांची, अकोला २९ हजारांचे, एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर २६ हजारांचे. त्यानंतर खामगाव १८ हजार, चांदा म्हणजे चंद्रपूर तितकेच, कारंजा साडेसोळा हजार, उमरेड सोळा हजार, भंडारा चौदा हजार. उतार मंद होता. एका शहरातून दुसऱ्याकडे उतरताना फार मोठी उडी कुठेच नव्हती, फक्त अगदी वरची पहिली सोडून.

आता प्रत्येक गावाची ११० वर्षांतील वाढ पटीत मोजावी. नागपूर सुमारे १९ पट झाले. अमरावतीही १९ पटच झाली. चंद्रपूर १८ पट, अकोला साडेचौदा पट. वर्धा, जे १९०१ मध्ये दहा हजारांचेही नव्हते, ते अकरा पटींच्या आसपास आले. हिंगणघाट आठ पट, भंडारा साडेसहा पट, खामगाव पाच पट, कारंजा चार पट, उमरेड सव्वातीन-साडेतीन पट. शेजारचे परतवाडा दोन्ही वेळी धरले, तर अचलपूर तिपटीच्या जरासे पुढे गेले. आणि एके काळी दुसऱ्या क्रमांकावर असलेली कामठी २०११ मध्ये ८७ हजारांची, म्हणजे सव्वादोन पट. नागपूर आणि अमरावती यांचे परस्परांशी प्रमाण १९०१ मध्ये जे होते, तेच शतकानंतर जवळजवळ तसेच आहे. नागपूरच्या वाढीत अमरावती, अकोला, चंद्रपूर मागे पडली असे म्हणता येत नाही. मागे पडली ती जुन्या बाजारपेठांची, विणकरांची आणि छावण्यांची गावे.

यांतील कामठीची कथा सर्वांत बोलकी आहे. कन्हान नदीच्या काठी १८२१ मध्ये ब्रिटिशांनी लष्करी छावणी वसवली आणि तिच्या आधाराने बाजार उभा राहिला. मध्य भारतातून येणारा माल, सावकारी आणि अडतीचा व्यवहार तिथे चालत असे. १८८१ मध्ये कामठीची लोकसंख्या ५१ हजार होती. पुढे १८९१ मध्ये ती ४३ हजारांवर आणि १९०१ मध्ये ३९ हजारांवर उतरली. तोवर रेल्वे नागपूरला येऊन तीन दशके उलटून गेली होती, आणि दक्षिणेकडून, पश्चिमेकडून येणारा माल नागपूरच्याच फलाटावर उतरू लागला होता. कामठीलाही पुढे रेल्वे मिळाली, पण ती नागपूरच्या पुढचे एक स्थानक म्हणून. अडते आणि पेढ्या सोळा किलोमीटर दक्षिणेला सरकल्या, कारण मुंबईचा भाव पहिल्यांदा तिथे कळे. छावणी राहिली, विणकर मोमीन वस्ती राहिली, बिडीचे काम राहिले. व्यापार मात्र गेला, आणि व्यापारावर जगणारी माणसे त्याच्या मागोमाग गेली.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा फाटा भुसावळहून बेरार ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोचला. या रुळांनी विदर्भातील गावांचे नशीब जितके ठरवले, तितके नंतरच्या कोणत्याही योजनेने ठरवले नाही. मार्ग आखणाऱ्यांनी सपाटीचा, काळ्या कापूसजमिनीचा पट्टा धरला. शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, पुलगाव, वर्धा ही नावे त्या मार्गाने पुढे आली. अमरावती मुख्य मार्गापासून थोडी दूर राहिली होती. तिला बडनेऱ्यापासून एक छोटी शाखा जोडून लगेच सामावून घेतले गेले, कारण तिथला कापसाचा व्यापार रेल्वेला सोडवत नव्हता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ मध्ये, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि बेरारच्या कापसाला अचानक सोन्याचा भाव आला. या पट्ट्यात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने त्यानंतरच्या दशकांत उभे राहिले.

अचलपूर या मार्गाच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी होते. पंधराव्या शतकाच्या शेवटी इमादशाहीची राजधानी, पुढे बेरारच्या सुभ्याचे मोठे ठाणे. रुळांनी त्याला वगळले. १९०५ मध्ये एलिचपूर जिल्हाच अमरावतीत विलीन झाला, म्हणजे कचेरीही गेली. नंतर मूर्तिजापूरहून नॅरोगेज आली, जिला लोक पुढे ‘शकुंतला’ म्हणू लागले. किलिक निक्सन कंपनीशी जोडलेली ही छोटी गाडी कापूस वाहून मुख्य मार्गावर नेण्यासाठी होती. तिने अचलपूरला जगाशी जोडले, हे खरे. पण जोडले ते मूर्तिजापूरला माल पोचवणारे टोक म्हणून. टोकाला बाजार वाढत नाही.

खामगावची गोष्ट याहून विचार करायला लावणारी आहे, कारण तिथे रेल्वे होती. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंबहून खामगावला जाणाऱ्या शाखेचे उद्घाटन झाले, त्याच दिवशी कापसाचा बाजारही सुरू झाला. बेरारच्या मोठ्या कापूस बाजारांत खामगावचे नाव होते. तरीही ते अकोल्याच्या खूप मागे पडले. अकोला मुख्य मार्गावर होते, जिल्ह्याचे ठाणे होते, आणि पुढे दक्षिणेकडून येणारी मीटरगेजही तिथेच मिळाली. खामगाव जिल्ह्याचे ठाणे नव्हते. ठाणे बुलढाण्याला, घाटावर, रेल्वेपासून दूर. परिणाम असा, की एकाच जिल्ह्यात व्यापार एका गावी आणि कचेरी दुसऱ्या गावी राहिली. २०११ मध्येही खामगाव ९४ हजारांचे आणि बुलढाणा ६७ हजारांचे. दोन्ही मिळून एक शहर झाले असते, तर विदर्भाच्या यादीत गोंदियाच्या वर एक नाव आले असते. ही कल्पनाच, पण विदर्भात शहर कशाने होते हे त्यातून कळते: बाजार, रेल्वे आणि कचेरी यांपैकी दोन तरी एका जागी असावी लागतात, तिन्ही असतील तर उत्तम. वर्ध्याला पहिल्या दिवसापासून तिन्ही मिळाल्या. १८६२ मध्ये जिल्हा झाला आणि १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी आखून हे गाव वसवले गेले, तेही रेल्वे येणार हे माहीत असतानाच. गोंदियाला कचेरी खूप उशिरा, १९९९ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाल्यावर मिळाली. पण कोलकात्याकडे जाणारा मुख्य मार्ग आणि सातपुडा नॅरोगेज यांच्या जंक्शनवर भाताच्या गिरण्या वाढल्या आणि खेड्याचे शहर झाले.

उमरेड आणि पवनी यांची घसरण आणखी वेगळ्या कारणाने झाली. रेशीमकाठी धोतरे, लुगडी, पागोटी विणणारी कोष्टी मंडळी या गावांत पिढ्यान्‌पिढ्या होती. गिरणीचे सूत आणि गिरणीचा कपडा आल्यावर हातमागाचा जीव गेला. हे विणकर नंतर कुठे गेले, याचे उत्तर नागपूरच्या गोळीबार चौक परिसरात, पूर्व आणि उत्तर नागपूरच्या जुन्या वस्त्यांत सापडते. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला ‘सम्राज्ञी’ घोषित केले गेले, म्हणून हे नाव. मुंबईची सोय सोडून टाटांनी नागपूर निवडले ते हिशेबाने: कापूस दाराशी, कोळसा वरोऱ्याहून, गिऱ्हाईक आसपासच्या जिल्ह्यांत. वरोऱ्याची ती खाण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि वरोरा पुन्हा तालुक्याचे गाव झाले; गिरणी मात्र चालू राहिली, पुढे मॉडेल मिलही आली. जिथून कच्चा माल येतो ते गाव आणि जिथे तो वापरला जातो ते गाव, यांतले कोणते टिकते, याचे हे नागपुरातले पहिले मोठे उदाहरण.

नागपूरचे आधीचे वैभव राजकीय होते. देवगडचे गोंड राजे बख्त बुलंद शाह यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी इथे वस्ती आखली आणि पुढे रघूजी भोसले यांनी तिला राजधानी केले. १८५३ मध्ये संस्थान खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला तेव्हा नागपूरच त्याची राजधानी झाली आणि १९०३ मध्ये बेरारही त्यात जोडले गेले. राजधानी म्हणून सचिवालय, न्यायालये आणि १९२३ मध्ये विद्यापीठ आले. मधल्या काळात १९११ च्या जनगणनेत लोकसंख्या १ लाख १ हजारांपर्यंत खाली आलेली दिसते. त्या वर्षीच्या प्लेगमुळे पुष्कळ लोक घरे सोडून बाहेर गेलेले होते, त्यामुळे हा आकडा जपून वापरावा लागतो. पुढे १९३१ मध्ये २ लाख १५ हजार, १९४१ मध्ये ३ लाख, १९५१ मध्ये साडेचार लाख अशी झपाट्याची चढण आहे.

१९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली आणि नागपूरने राजधानीपण गमावले. सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे उच्च न्यायालयाचे खंडपीठ आणि वर्षातून एक अधिवेशन एवढे उरले. त्या काळी पुष्कळांना वाटले, की शहर आता ओसरेल. तसे झाले नाही, आणि का झाले नाही हे महत्त्वाचे आहे. राज्याच्या कचेऱ्या गेल्या, केंद्राच्या आल्या. देशाच्या मध्यावर असलेले, रेल्वेचे चारही दिशांचे मार्ग जिथे मिळतात असे, रिकामे बंगले आणि मोकळी जागा असलेले शहर दिल्लीला सोयीचे होते. ‘नीरी’ ही पर्यावरण संशोधन संस्था, भारतीय खाण ब्युरो, कापूस संशोधन संस्था, प्राप्तिकर अधिकाऱ्यांची अकादमी, रिझर्व्ह बँकेची कचेरी असे एकेक येत गेले.

यांत दोन मुख्यालये खास पाहण्यासारखी आहेत. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी चंद्रपूर, बल्लारपूर, वणी, उमरेड या भागांत पसरलेल्या आहेत. कंपनीचे मुख्यालय नागपुरात. ‘मॉयल’ मँगनीज काढते ते भंडारा जिल्ह्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्गपासून मध्य प्रदेशातील बालाघाटपर्यंत. तिचेही मुख्यालय नागपुरात. खाणीच्या गावात राहतात ते मजूर, ट्रकवाले, ठेकेदार. अभियंत्यांची, लेखापालांची, वकिलांची, त्यांच्या मुलांना शिकवणाऱ्यांची वस्ती मुख्यालयाच्या गावात. चंद्रपूर याला काही अंशी अपवाद ठरले, कारण तिथे कोळशासोबत औष्णिक वीज केंद्र, बल्लारपूरला कागद कारखाना, आणि सिमेंटचे कारखाने आले. त्यामुळे चंद्रपूरने वाढीत नागपूरची बरोबरी केली, हे वर आलेच आहे. मात्र चंद्रपूरची वाढ कोळशाच्या भरवशावरची आहे, नागपूरची कशाच्याही एकाच भरवशावरची नाही. १९८६ मध्ये सरकारने हाती घेतलेली एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली, तरी नागपूर थांबले नाही. हिंगणघाट किंवा पुलगावची गिरणी अडचणीत आली तेव्हा अख्खे गाव हलले.

स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुन्नार मिर्डाल यांनी १९५७ मध्ये हीच प्रक्रिया सूत्ररूपात मांडली. एकदा पुढे गेलेल्या केंद्राकडे आजूबाजूचा पैसा, कामकरी आणि हुशार माणसे ओढली जातात, त्यामुळे ते आणखी पुढे जाते आणि आजूबाजूचा प्रदेश आणखी मागे पडतो. ही ओढ आपोआप थांबत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. विदर्भात ही ओढ कोणत्या वाटेने चालते, ते पाहायचे असेल तर दवाखान्याकडे पाहावे.

गडचिरोलीतील, गोंदियातील, यवतमाळच्या पांढरकवड्यातील डॉक्टरच्या तोंडी ‘नागपूरला न्या’ हे शब्द असतात, आणि ‘मेडिकलला’ म्हटले की कोणते हॉस्पिटल हे सांगावे लागत नाही. १९४७ मध्ये सुरू झालेले नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय विदर्भाबरोबर छत्तीसगड, मध्य प्रदेश आणि तेलंगणाच्या सीमाभागातील रुग्णांचाही आधार आहे. ‘मेयो’ हे हॉस्पिटल त्याहून जुने. धंतोली आणि रामदासपेठ या भागांत तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खासगी हॉस्पिटले, औषधांची दुकाने, एक्स-रे आणि रक्ततपासणीची केंद्रे यांची रांगच लागली आहे. त्यांच्या आसपास नातेवाइकांना उतरायला लॉज, खानावळी, झेरॉक्सची दुकाने. हॉस्पिटल हा एक उद्योग झाला आणि त्याचा कच्चा माल म्हणजे बाहेरगावचा आजारी माणूस. बाकीच्या जिल्ह्यांना शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळायला किती वेळ लागला, ते पाहण्यासारखे आहे: यवतमाळ १९८९, अकोला २००२, चंद्रपूर २०१५, गोंदिया २०१६. विदर्भातील दुसऱ्या क्रमांकाचे शहर असलेल्या अमरावतीला ते २०२४ मध्ये मंजूर झाले. तिथे खासगी महाविद्यालय आधीपासून होते आणि सेवाग्राम, सावंगी येथील महाविद्यालयांनी वर्ध्यात बराच भार उचलला, पण सरकारी ओघ बहुतांशी नागपूरकडेच राहिला. शिक्षणाची वाटही तीच. कॉलेजसाठी म्हणून आलेला मुलगा मेसचा डबा, कॉटबेसिसची खोली आणि पहिली नोकरी इथेच शोधतो. गावी तो दिवाळीला आणि लग्नकार्याला जातो.

जिल्हावार नकाशा काढला, की ओढीचे प्रमाण उघड होते. नागपूर जिल्ह्यात २०११ मध्ये ६८ टक्के लोक शहरी होते. तो वगळून उरलेल्या दहा जिल्ह्यांची सरासरी काढली तर ती २७ टक्क्यांवर येते, म्हणजे देशाच्या ३१ टक्क्यांपेक्षाही कमी. अकोला ४० टक्क्यांच्या आसपास, अमरावती ३६, चंद्रपूर ३५, वर्धा ३२-३३ हे त्यांतले पुढारलेले. यवतमाळ आणि बुलढाणा २१-२२ टक्के, भंडारा १९, वाशीम आणि गोंदिया १७-१८, गडचिरोली ११. गडचिरोलीत रेल्वे आहे ती फक्त वडसा, म्हणजे देसाईगंज, या टोकाला. वडसा-गडचिरोली मार्गाचे काम बरीच वर्षे रखडत चालले आहे. तिथे १९८२ मध्ये जिल्हा झाल्यानंतर जे शहर उगवले, ते कचेऱ्या, क्वार्टर आणि शाळांचे. २००१ ते २०११ मध्ये गडचिरोली गाव ४२ हजारांवरून ५४ हजारांवर गेले. नव्या जिल्ह्याने एखादे गाव मोठे होते, यात शंका नाही. पण त्यातून कारखाना किंवा बाजार येतोच असे नाही. सुरजागडच्या लोहखनिजामुळे हे चित्र बदलत आहे. खनिज काढायचे तिथे, पोलाद बनवायचे कुठे, हा तिथला वाद या प्रश्नाचाच पुढचा अंक आहे.

लोकसंख्यावाढीचा वेग याच्याशी ताडून पाहावा. २००१-११ या दशकात राज्याची वाढ १६ टक्के होती. वर्ध्याची ५.२, भंडाऱ्याची ५.७, चंद्रपूर जिल्ह्याची ६.४. या तिन्ही जिल्ह्यांत जन्मदर कमी झाला हे एक कारण आहे. पण तिन्ही नागपूरला लागून आहेत, आणि तिथून निघालेली माणसे बहुतांशी नागपूरलाच जाऊन थांबतात. दूरच्या वाशीम आणि बुलढाण्याची वाढ राज्याच्या सरासरीच्या आसपास राहिली.

पण नागपूरचे काय? ज्या नागपूरकडे विदर्भ ओढला जातो, त्याच्या जिल्ह्याची वाढ याच दशकात १४.४ टक्के होती, म्हणजे राज्याच्या सरासरीहून कमी. पुणे जिल्ह्याची ३० टक्के, ठाण्याची ३६. १९५१ मध्ये महापालिका हद्दीत नागपूर आणि पुणे दोन्ही पाच लाखांच्या आत होती. २०११ मध्ये पुणे महानगर ५० लाखांच्या वर, नागपूर महानगर २५ लाखांवर. भंडाऱ्याचा मुलगा नागपूरला येतो, आणि नागपूरचा इंजिनिअर पुण्याच्या हिंजवडीला जातो. मिर्डालची साखळी एकाच पायरीवर थांबत नाही. विदर्भात ओढणारे शहर महाराष्ट्राच्या नकाशावर ओढले जाणाऱ्यांत मोडते. विदर्भाच्या राजकारणात ही दुसरी बाजू फार मोठ्या आवाजात सांगितली जाते, पहिली मात्र हळू आवाजात.

सरकारने हा तोल सावरायचे प्रयत्न केले, ते मुख्यतः दोन वाटांनी. राज्याने १९६४ पासून मुंबई-पुण्याबाहेर कारखाने काढणाऱ्यांना सवलती दिल्या, औद्योगिक वसाहती उभारल्या. नागपूरजवळ हिंगणा आणि पुढे वर्धा मार्गावर बुटीबोरी ही त्यांतली मोठी नावे. दुसरी वाट अनुशेषाची. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये जिल्हावार अनुशेष मोजला. तो एकूण ३,१८७ कोटी रुपये निघाला आणि त्यातील सुमारे ३९ टक्के विदर्भाचा होता. पुढे १९९४ मध्ये विदर्भ वैधानिक विकास मंडळही आले. या मोजणीने एक अन्याय आकड्यात पकडला, हे तिचे श्रेय. पण तिचे एकक जिल्हा होते. सिंचन, रस्ते, विजेचे पंप, शाळा जिल्ह्याला किती कमी पडतात एवढेच तिने पाहिले. कारंजाची बाजारपेठ का खंगली, अचलपूरला पदवीधर का राहत नाही, हे प्रश्न जिल्ह्याच्या सरासरीत दिसत नाहीत. उद्योगाच्या सवलतींचे तेच झाले. मागास भाग म्हणून सवलत मिळाली, आणि कारखानदाराने त्या मागास भागातील नागपूरपासून अर्ध्या-पाऊण तासावरची जागा पसंत केली, कारण व्यवस्थापक रोज घरी परतू शकत होता.

शेवटी एक मुद्दा आकड्यांच्याच स्वभावाचा. वर्धा शहराची लोकसंख्या २००१ मध्ये १ लाख ११ हजार होती, २०११ मध्ये १ लाख ६ हजार. यवतमाळही याच काळात थोडे घटलेले दिसते. प्रत्यक्षात वर्धा ओस पडले नाही. नगरपालिकेच्या जुन्या हद्दीत जागा संपली आणि नवी घरे पिपरी (मेघे), सिंदी (मेघे), बोरगाव (मेघे), नालवाडी या शेजारच्या ग्रामपंचायतींत झाली. एका बाजूचा नळ नगरपालिकेचा आणि रस्ता ओलांडला की पाणी ग्रामपंचायतीचे, असे तिथे पाहायला मिळते. यवतमाळच्या वडगाव, लोहारा, उमरसरा, वाघापूर या गावांची हीच कथा होती. ती नंतर हद्दीत घेतली गेली. जनगणनेत अशा वस्त्यांना ‘जनगणना शहर’ म्हणतात: किमान पाच हजार लोकवस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान चारशेची घनता, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी पाऊण भाग शेतीबाहेर. कारभार मात्र सरपंचाचा. महाराष्ट्रात अशी शहरे २००१ मध्ये १२७ होती, २०११ मध्ये २७९ झाली.

नागपूरच्या भोवती हे फार मोठ्या प्रमाणावर घडले. महापालिका हद्दीतील वाढ १९९१-२००१ मध्ये २६ टक्के होती, पुढच्या दशकात ती १७ टक्क्यांवर आली, आणि वाडी, डिगडोह, बेसा, नरसाळा, हुडकेश्वर या गावांत शेते तोडून ले-आउट पडत गेले. वाडी २०११ मध्ये ५४ हजारांची होती, म्हणजे त्या वर्षीच्या गडचिरोली शहराएवढी. शहराच्या आत ‘५७२’ आणि ‘१९००’ हे आकडे नागपूरकर ऐकताच ओळखतो: परवानगीशिवाय पडलेल्या आणि नंतर नियमित करायच्या अभिन्यासांच्या याद्या. तिथल्या गटारीसाठी, दिव्यासाठी माणसे नागपूर सुधार प्रन्यास आणि महापालिका यांच्या मध्ये वर्षानुवर्षे हेलपाटे घालत राहिली. झोपडपट्ट्यांत राहणारे शहराच्या लोकसंख्येच्या एक तृतीयांशाच्या आसपास होते. महापालिकेने २०१३ मध्ये नरसाळा आणि हुडकेश्वर सामावून घेतले, आणि २०१७ मध्ये शहराबाहेरील सातशेहून अधिक गावांसाठी नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आले.

२०२१ ची जनगणना झाली नाही. पुढची, १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक धरून होणारी गणना समृद्धी महामार्ग, मेट्रो आणि मिहान यांच्या नंतरचे नागपूर पहिल्यांदा मोजेल. त्यात शहराचा आकडा हद्द कुठे धरली यावर फार अवलंबून राहील, आणि वर्ध्याचाही. चंद्रपूर आणि गोंदिया यांच्या मधली मोकळी जागा यवतमाळने हद्दवाढीच्या जोरावर थोडी भरलेली दिसू शकते; ती वाढ कागदावरची किती आणि रोजगाराची किती, हे त्या गणनेतील कामकऱ्यांचे तक्ते हाती आल्याशिवाय वेगळे काढता येणार नाही.